मुसळाला बांधलेली आफ्रिकेची बेडकी

बेडकी मुसळाला उलटी बांधली होती. पोट वर, पाय सुतळीनं आवळलेले, भोवती लिंबाचा पाला. मुसळाची दोन टोकं दोन बायकांच्या खांद्यावर होती आणि मागून पंधरा-वीस जणी पाऊस मागणारं धोंडीचं गाणं म्हणत नांदेडच्या एका गल्लीतून चालल्या होत्या. दुपारचं ऊन होतं. आषाढ अर्धा सरला तरी पाऊस नव्हता. दारोदारच्या बायका तांब्याभर पाणी बेडकीवर ओतत होत्या आणि सुपातली ज्वारी झोळीत टाकत होत्या.

ती बेडकी नांदेडची नव्हती. आफ्रिकेची होती. त्या दिवशी सकाळीच डॉक्टरीणबाईंनी तिच्या कातडीखाली माझ्या सुनेची लघवी टोचली होती. संध्याकाळपर्यंत ती अंडी घालते की नाही, यावर माझी सून जगणार की मरणार हे ठरायचं होतं.

मी साठी ओलांडलेली बाई. लुगडं वर खोचलं आणि त्या मिरवणुकीमागं धावत सुटले.

आता पहिल्यापासून सांगते. आम्ही परत आल्यापासून गावातल्या बायका पाणवठ्यावर मला अडवतात आणि विचारतात, बेडूक खरंच बोलला का? माणसाच्या आवाजात बोलला का? अर्धं गाव खोटं सांगत फिरतंय. एकदा लिहून काढते म्हणजे तोंड दुखायचं थांबेल. माझं माहेर बार्शीकडचं, इंग्रजांच्या मुलखातलं, म्हणून चार इयत्ता झाल्या. सासर चाकूरच्या पलीकडं, निजामाच्या राज्यात. इथं बाईच्या हातात कागद दिसला की लोक तोंडाकडं बघतात. बघू देत.

निघण्याआधी

माझा एकुलता एक लेक दोन पावसाळ्यांमागं तापानं गेला. त्याची बायको द्वारका माझ्याजवळच राहते. मीही विधवा, तीही विधवा. संक्रांतीनंतर द्वारकाचं पोट वाढायला लागलं. पाळी थांबली. चैत्रात लुगड्याबाहेर दिसायला लागलं. ज्येष्ठ लागला तशी पारावर आमची भावकी जमली.

भावकीचा म्होरक्या माझा धाकटा दीर, बापूराव. तो माझ्या दारात येऊन मान खाली घालून म्हणाला, "वैनी, लोक बोलून राहिले. अब्रूचा सवाल हाय."

"कोणाच्या?"

"घराच्या."

"मग काय करू म्हणतोस?"

त्यानं परसाकडं मान वळवली. मग म्हणाला, "हिर काय लांब हाय का?"

विहीर लांब नाही. आमच्या परसातच आहे. माझ्या लेकाच्या वाट्याची जमीन द्वारकाकडं आहे, आणि द्वारका त्या विहिरीत गेली की ती जमीन कोणाच्या औताखाली जाणार, हे पारावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्याबद्दल एकानंही तोंड उघडलं नाही. अब्रूबद्दल मात्र सगळे बोलले.

द्वारकानं दिव्यावर हात धरून सांगितलं, "आत्याबाई, मला कोणी शिवलं न्हाई." मी तिचा हात बाजूला घेतला. मला शपथ नको होती. मी रोज तिच्या शेजारी हातरूण टाकते. माझी झोप म्हातारीची आहे, मांजर गेलं तरी जागी होते. मी हे पारावर जाऊन सांगितलं. ते म्हणाले, तुमचं बरोबर हाय वैनी, पण तुम्ही सासू, तुम्ही झाकणारच. आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं की सासू सुनेचं झाकते.

त्याच सुमाराला हुसेनाबी आली. ती नांदेडची बांगड्या भरणारी. वर्षातून दोन खेपा आमच्या भागात येते. आमच्या घरात आता बांगडी भरायला एकही हात नाही, तरी ती पाणी प्यायला टेकते. तिनं द्वारकाकडं पाहिलं, पोटाला हात लावला आणि म्हणाली, "अजी पाटलीणबाई, ये पेट वैसा नय. मेरेकु सात बच्चे हुए, मय जानती. कडक हय, एक बाजू कु हय." मग तिनं सांगितलं की तिच्या मोहल्ल्याजवळ बायकांचा एक लहान दवाखाना निघालाय, तिथं एक डागतरनी आहे, ती आफ्रिकेचे मेंडक, म्हणजे बेडूक, पाळते, आणि बाई पोटुशी आहे की नाही ते मेंडक सांगतो.

मी हे पारावर सांगितलं तेव्हा आधी सगळे हसले. मग एकजण म्हणाला, बेडूक काय, मुका जीव. तो कोणाची बाजू घ्यायचा न्हाई. दुसरा म्हणाला, खरंय. आणि ठरलं! बापूरावानं साक्षीला सोबत जायचं, बेडूक सांगेल ते भावकीनं ऐकायचं. द्वारकाचा शब्द नको, माझा नको, सात बाळंतपणं झालेल्या हुसेनाबीचा नको. बेडकाचा चालेल. मला इतका राग आला होता की मी घरी येऊन जातं ओढत बसले. संपलं तेव्हा दोन पायल्या पीठ निघालं होतं. त्याच्याच भाकरी वाटेत खाल्ल्या.

अहमदपूर आणि मन्याडची वाळू

अहमदपूरपर्यंत बैलगाडी. द्वारका कडब्यावर आडवी, मी तिच्या उशाशी, बापूराव धुरेवर पाठ फिरवून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळं रान फाटलेलं, भेगा अशा की पाय आत जावा. पेरलेलं करपून गेलं होतं. बापूराव दर शेताजवळ बैल हळू करायचा आणि ढगाकडं बघायचा. द्वारकाकडं त्यानं सबंध वाटेत एकदाही पाहिलं नाही.

अहमदपूरला मुसाफिरांच्या सरायमध्ये भाकरी सोडली. शेजारच्या बिऱ्हाडानं अंबाडीची भाजी दिली. आमच्याकडं अंबाडीत डाळ घालतात, त्यांनी ज्वारीच्या कण्या घातल्या होत्या. चांगली लागली. द्वारकाला दोन घासही गेले नाहीत. पोट वर चढलंय म्हणाली.

तिथून सर्व्हिस मोटार. लढाईमुळं पेट्रोल मिळत नाही, म्हणून मोटारीच्या पाठीमागं भलीमोठी टाकी लावून कोळशाच्या धुरावर ती चालवतात. चढ आला की सगळ्यांनी उतरायचं, हे भाडं देतानाच सांगतात. मन्याड नदीच्या पात्रात पाण्याचा थेंब नव्हता, वाळूच वाळू, आणि मोटार मधोमध रुतली.

एक फेटेवाला शेटजी आम्हा दोघींकडं बोट करून ड्रायव्हरला म्हणाला, "एका जागेवर दोन मुंडकी बसवल्यात. त्यात एक भरल्या पोटाची. गाडी हलंल कशी? उतरवा त्यांना."

मी उतरले. शेटजीसमोर गेले. म्हटलं, "माझं वजन हलकं आहे. तुमच्या पोटात काय आहे ते आधी उतरवा." लोक हसले. शेटजी तोंडावर उपरणं धरून बसला. ड्रायव्हर म्हातारा मुसलमान होता. तो म्हणाला, "बैठने दो बच्ची कु. बाकी सब ढकेलो." आम्ही सगळ्यांनी ढकललं. बापूरावानंही. द्वारका आत बसून होती आणि धक्क्याधक्क्याला कण्हत होती. मोटार निघाली तेव्हा तिनं माझ्या मांडीवर डोकं टेकलं. कपाळ गार होतं, घामानं ओलं. त्या वेळी पहिल्यांदा मला वाटलं, ही विहिरीपर्यंत जगतच नाही.

नांदेड

नांदेड आमच्या लातूरपेक्षा जुनं आणि मोठं वाटतं. लातूरला आडत आणि पोती, जिकडं तिकडं व्यापार. इथं गोदावरीचे घाट आहेत, शिखांचा गुरुद्वारा आहे, पाट्या उर्दूत आहेत, भाज्या विकणाऱ्या बाया अर्धं तेलुगू बोलतात. गुरुद्वाऱ्यात कोणीही जाऊन पंगतीला बसावं. जात विचारत नाहीत. आम्ही बसलो. माझ्या एका बाजूला कोणी तरी पगडीवाला, दुसऱ्या बाजूला झाडूवाली. दाल, रोटी, वरून ओंजळभर खीर. आमच्या गावात अशी पंगत झाली असती तर महिनाभर पार उठला नसता. बापूराव जेवला, पण बाहेर आल्यावर मला म्हणाला, "वैनी, हे गावात बोलू नका." म्हणून इथं लिहिलं.

उतरलो हुसेनाबीकडं. तिच्या घरचं पाणी प्याले, तिच्या चुलीवरची खट्टी डाळ खाल्ली. ज्याला हे वाचून आंघोळ करायची असेल त्यानं करावी.

दवाखाना म्हणजे कौलारू घर, पुढं पडवी. डॉक्टरीणबाईंचं नाव राजम्मा. काळ्यासावळ्या, ठेंगण्या, आवाज पुरुषासारखा. त्यांचे आजोबा मद्रासकडून आफ्रिकेत उसाच्या मळ्यावर मजुरीला गेले, बाईंचा जन्म तिकडचाच. मद्रासला येऊन डॉक्टरी शिकल्या. बोलतात सगळ्याच भाषा, सगळ्याच मोडक्या.

त्यांनी द्वारकाला आत नेऊन बराच वेळ तपासलं. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "अम्मा, मला वाटतं गाठ आहे. कापून काढली पाहिजे. ही गाठ आत पिळली ना, मग मुलगी गेली. लवकर पाहिजे."

"मग काढा."

"घरचा पुरुष कागदावर अंगठा देईल, तर. दवाखान्याचा कायदा आहे."

बापूराव पडवीच्या खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "बेडूक सांगंल तर देतो. भावकीत तसंच ठरलंय."

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. मला वाटलं आता या चपराक देतात. पण म्हणाल्या, "ठीक. कापायच्या आधी मला पण खात्री पाहिजे. उद्या सकाळची पहिली लघवी बाटलीत आणा. पाणी मिसळायचं नाही."

मग त्यांनी ते बेडूक दाखवले. पडवीत कोपऱ्यात काचेची दोन भांडी होती, वर जाळी. मी आयुष्यभर बेडूक पाहिलेत, पण हे निराळेच. चपटे, जणू कोणी पायाखाली दाबलेत. डोळे डोक्याच्या अगदी वर, आभाळाकडं लावलेले, आणि त्यांना पापणी नाही. कुशीला टाके घातल्यासारख्या पांढऱ्या रेघा. त्या टाक्यांनी त्यांना पाण्यातली हालचाल कळते म्हणे. मागच्या पायांना बदकासारखा पडदा आणि तीन बोटांना काळी नखं, मांजरीसारखी. पुढचे हात मात्र काडीसारखे बारीक. यांना जीभ नसते. आपला बेडूक जीभ फेकून किडा धरतो, हे दोन्ही हातांनी घास तोंडात कोंबतात. बाईंनी काळजाचा तुकडा टाकला, तर एकीनं तो तोंडात धरला आणि मागच्या पायाच्या नखांनी फाडला. घाईघाईनं, कोणी काढून घेईल अशा भीतीनं.

हे एरवी पाण्याबाहेर येत नाहीत. ओरडतात तेही पाण्याखालीच, घड्याळ टिकटिकल्यासारखं, आणि जास्त करून नर. मादी दुपटीनं मोठी. कातडी जुनी झाली की अंगावरून सोलून काढतात आणि खाऊन टाकतात. स्वतःची पिल्लंही खातात, समोर आली तर.

"स्वतःची?" बापूराव म्हणाला. त्याला किळस आली होती.

"आपल्याकडं भावकीला वाटून देतात," मी म्हटलं.

मला एक गोष्ट विचारायची होती. म्हटलं, "तिकडं दुष्काळ पडला की हे काय करतात?"

बाई म्हणाल्या की तळं आटलं की हे चिखलात मागच्या अंगानं शिरतात, वर कवच वाळतं, आत हे महिनोन्महिने न खाता पडून राहतात. आणि पावसाची रात्र आली की कधी कधी सगळे मिळून जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्याकडं जातात. पण अंग ओलं पाहिजे. अंग वाळलं की संपलं.

तेवढ्यात कळलं की लघवी टोचायला मोठ्या माद्या दोनच आहेत. त्यातली एक चार दिवसांपूर्वीच दुसऱ्या बाईसाठी वापरली, तिला विसावा द्यायचा. उरली एक. बाई पोटुशी असेल तर तिच्या लघवीत असं काही उतरतं की त्यानं बेडकी दिवस मावळायच्या आत अंडी घालते. नसेल तर घालत नाही. सगळं एवढंच. बोलत बिलत नाही.

दुसरा दिवस

सकाळी बाईंनी बेडकी ओल्या फडक्यात धरली, पाठीच्या कातडीखाली सुई घातली आणि तिला एकटीला एका भांड्यात ठेवलं. वर जाळी. बापूराव समोर चटईवर बसला. "मी हालायचा न्हाई," म्हणाला. "मला कुणी फशिवलं न्हाई पायजे."

द्वारकाला आत खाटेवर ठेवून घेतलं होतं. मी तिच्याजवळ होते. दुपारी ती जरा डोळा लावून पडली तशी मी पडवीत आले. बापूराव चटईवरच होता. भांडं रिकामं होतं.

"बेडकी कुठाय?"

"नेली."

"कोणी?"

"धोंडीच्या बाया आल्या होत्या वैनी. समद्या नांदेडात बेडूक मिळंना त्यांना, समदे भुईत गेलेत. बेडकाबिगर धोंडी कशी काढायची? हात जोडून राहिल्या. म्हणल्या, घंट्याभरात आणून देतो."

"आणि तू दिलीस?"

"पावसासाठी दिली." त्यानं कपाळावर त्यांच्याकडून कुंकूही लावून घेतलं होतं. "माझं समदं रान करपून गेलंय, वैनी."

त्यात त्याचं कपट नव्हतं. कपट असतं तर मला इतकं झोंबलं नसतं. त्याला खरंच वाटत होतं की त्यानं पुण्य केलं. आत माणूस मरतंय, त्याच्या सुटकेची एकच वाट भांड्यात ठेवली आहे, आणि यानं जाळी काढून ती मुसळाला बांधायला दिली, तीही हात जोडून. 

मग मी धावले, ते वर लिहिलंच आहे.

गाठलं तेव्हा मिरवणूक एका पिंपळाखाली थांबली होती. मुसळाचं पुढचं टोक जिच्या खांद्यावर होतं ती बाई उंच, धिप्पाड, आणि दिवस भरत आलेली पोटुशी. मी जाऊन मुसळालाच हात घातला.

"म्हातारे, हात काढ! बाटवशील," ती म्हणाली. "रांडमुंड बाईनं धोंडीला शिवू न्हाई."

"ती दवाखान्याची आहे. सोड."

"दवाखान्याच्या बाप्यानं दिली. आमी चोरली का?"

"त्या बाप्याला अक्कल नाही. सोड म्हणते."

"अन् पाऊस गेला मंजे? तू पाडणार का?"

"पाऊस तुझ्या मुसळानं पडत असता तर महिन्यापूर्वी पडला असता. माझी सून मरते आहे."

बाकीच्या बाया ओरडायला लागल्या. एकीनं माझा पदर ओढला. मी सुतळी दातानं तोडली. अजून माझे पुढचे दात आहेत. बेडकी हातात घेतली तर अंग पोटाकडून वाळत चाललं होतं, आणि एका पायाची कातडी सुतळीनं सोलली होती. लोक पाणी ओतत होते म्हणूनच ती तगली होती. मी एकीच्या हातातला तांब्या हिसकला, पदर भिजवला, तिला त्यात गुंडाळलं आणि आले तशी परत गेले. मागून शिव्या येत होत्या. ऐकू आल्या, सगळ्या लिहीत नाही.

राजम्माबाईंनी पाहिलं आणि बापूरावाला तेलुगूत जे काही ऐकवलं ते न समजताही समजत होतं. बेडकी पाण्यात तळाशी जाऊन बसली. हलेना. मग दिवेलागणीच्या आधी एकदा वर आली, श्वास घेतला, खाली गेली. अंडं एकही नाही.

मी बापूरावाकडं वळले. "बघितलंस? आता दे अंगठा."

त्यानं मान हलवली. "उन्हात फिरवलेली बेडकी. मुसळाला बांधलेली. ती अंडी घालंल कशी? पोटात पोर असतं तरी तिनं अंडं घातलं नसतं. भावकी मला काय म्हणंल?"

बेडकी त्यानंच दिली होती. आणि आता तिनं काही सांगितलं तरी ते खरं मानायचं नाही, कारण ती त्यानंच दिली होती.

राजम्माबाई म्हणाल्या, "त्याचं बोलणं चुकीचं नाही, अम्मा. बेडकी बिघडली असेल तर आजची परीक्षा फुकट. एक करता येईल. उद्या हिलाच खऱ्या पोटुशी बाईची लघवी टोचू. अंडी घातली, म्हणजे बेडकी बिघडली नव्हती. म्हणजे तुझ्या सुनेच्या वेळेला जे सांगितलं ते खरं. पण उद्याचा दिवस जाईल. आणि बेडकी दमली आहे." 

"चालेल का?" मी बापूरावाला विचारलं.

त्यानं विचार केला. "हाव. हे चालंल."

पोटुशी बाई मला शोधावी लागली नाही.

तिसरा दिवस

झुंजूमुंजू होताना मी आणि हुसेनाबी त्या धिप्पाड बाईच्या दारात उभ्या होतो. तिचं नाव लक्ष्मी, नवरा हमाली करायचा. हुसेनाबी तिला ओळखत होती, बांगड्या तिनंच भरल्या होत्या. दार उघडून लक्ष्मीनं मला पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"आता काय आणिक?"

हुसेनाबी म्हणाली, "बाटली दे रही ये. मूत इसमें."

"क्काय?"

मी तिला सगळं सांगितलं. गाठ, भावकी, विहीर, अंगठा. आर्जव केलं नाही, मला येत नाही. म्हटलं, "कालचा माझ्या सुनेचा दिवस तू मुसळाला बांधलास. आज मला तुझा दिवस दे."

तिनं कमरेवरचे हात काढले. मग म्हणाली, "त्या बाप्यानं आमाला सांगितलं असतं तर कशाला नेली असती? म्या काय राकशीण हाय का?" बाटली घेतली आणि न्हाणीत गेली. जाताना म्हणाली, "बाप्याचं नाव सांग. त्येला बघून घेते."

दिवसभर त्या भांड्यासमोर आम्ही तिघं बसलो. मी, बापूराव आणि नंतर लक्ष्मीही, भाकरी बांधून घेऊन. तिनं बापूरावाला चटईच्या बाहेर सरकवलं आणि स्वतः बसली. तिसऱ्या प्रहरापर्यंत काही नाही. आत द्वारकाला कळ आली, ती खाटेचा गज धरून ओरडली, बाईंनी सुई दिली. मी परत पडवीत आले. बेडकी एका कोपऱ्यात उभी होती, मागचे पाय ताणलेले, सोललेला पाय थरथरत होता. तिच्यामागं काचेला एक बारीक दाणा चिकटलेला दिसला. मोहरीपेक्षा लहान, अर्धा काळा, अर्धा पांढरा. मग आणखी एक. मग पाण्यातल्या शेवाळाला मूठभर.

लक्ष्मी ओरडली, "घातली! माय, घातली! माजीच हायत ती!"

बापूराव काचेला नाक लावून बसला होता. मग उठला आणि आत जाऊन बाईंना म्हणाला, "अंगठा कुठं द्यायचा?"

चौथा दिवस

गाठ नारळाएवढी निघाली. राजम्माबाईंनी ती पांढऱ्या तसराळ्यात घालून पडवीत आणली आणि बापूरावाच्या पुढ्यात धरली. "बघ. हे तुझ्या भावाच्या सुनेचं पाप."

त्यानं पाहिलं. तोंडावर पंचा धरला. मला वाटलं आता हा रडेल किंवा निदान खाली बघेल. तो म्हणाला, "हे गाडग्यात घालून मिळंल का? भावकीला दाखवाया."

मी म्हटलं, "भावकीला सांग, मी सांगते म्हणून. तेवढं पुरलं नाही तर नांदेडला या सगळे. लक्ष्मी इथंच राहते."

त्याच दिवशी दुपारून आभाळ भरून आलं आणि जो पाऊस लागला तो दोन दिवस हटला नाही. लक्ष्मीच्या गल्लीनं तो धोंडीच्या खात्यात घातला. आमचा बापूरावही तेच म्हणतो. गावात तो असं सांगतो की मी बेडकी दिली म्हणून पाऊस आला, आणि मी अंगठा दिला म्हणून सून वाचली. पारावर त्याचं ऐकतात. टाके सुकल्यावर परत निघालो, तर वाटेवर मन्याड दोन्ही थड्या भरून चालली होती, पाणी उतरेपर्यंत आम्ही अलीकडं थांबलो, आणि आपले बेडूक भुईतून निघून रानभर ओरडत होते. द्वारका गाडीत उठून बसली आणि तिनं भाकर मागून घेतली.

लक्ष्मीला मुलगी झाली, दोघी धड आहेत, हुसेनाबीनं निरोप पाठवला. सोललेल्या पायाला सडकं लागून बेडकी आम्ही नांदेडला असतानाच मेली. द्वारका जगली.